लाल-पिवळे, हिरवे-मरून आणि मी कोल्हापूरकर

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. पण फोनवरची आपली तरुण कार्यकर्ती म्हणाली, "काका, आरतीनंतर चहाच्या वेळी तुम्ही फुटबॉलच्या ज्या गोष्टी सांगता ना, त्याच लिहा." आता बाप्पाच्या समोर सांगितलेल्या गोष्टी नाकारायच्या कशा? म्हणून ही लेखणी उचलली आहे. मी काही इतिहासकार नाही. विमा कंपनीत आयुष्यभर आकडे जुळवले. पण कोलकात्यात पन्नास वर्षे काढताना मोठमोठ्या सामन्यांचे जे आकडे डोक्यात बसले, ते मात्र अजून हललेले नाहीत.

मी मूळचा कोल्हापूरचा. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटचे वेड असले तरी कोल्हापूर हे फुटबॉलचे गाव, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्याकडे संघ असतात ते तालमींचे आणि ईर्षा असते ती पेठांची. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातला सामना शाहू स्टेडियमवर असला की घरातली माणसेही दोन बाजूंना बसत. कोल्हापूर सोडताना आई म्हणाली होती, "परक्या मुलखात निघालास, आता तरी ते फुटबॉल सुटेल." १९७५ च्या जून महिन्यात मी हावडा स्टेशनवर उतरलो तेव्हा मला तरी कुठे माहीत होते, की मी विहिरीतून समुद्रात येऊन पडलो आहे!

जादवपूरला निर्वासितांच्या एका कॉलनीत मला भाड्याने खोली मिळाली. घरमालक फाळणीनंतर बारिसालहून आलेले. त्यांना मी मेशोमशाय म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला माशीमा. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. बंगाली घरात लहान मुलाला लाडाने खोका म्हणतात, तसे त्यालाही सगळे खोकाच म्हणत. आज तो साठी उलटलेला गृहस्थ आहे, आणि आम्ही अजून खोकाच म्हणतो.

पहिल्याच संध्याकाळी मेशोमशायांनी विचारले, "घोटी ना बाङाल?" म्हणजे पश्चिम बंगालचा की पूर्व बंगालचा? मी म्हटले, दोन्ही नाही, मराठी. ते हसून म्हणाले, "म्हणजे बर्गी!" रघूजी भोसल्यांच्या नागपूरकर फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची आठवण बंगाली आयांनी अंगाईगीतात जपून ठेवली आहे, हे मला तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी कचेरीत बागबाजारच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तोच प्रश्न विचारला. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू. या प्रश्नामागे फुटबॉल आहे, हे समजायला मला आठवडाभर लागला. घोटी म्हणजे मोहन बागान, हिरवा-मरून रंग. बाङाल म्हणजे ईस्ट बेंगाल, लाल-पिवळा रंग. मोहन बागान जिंकले की बाजारात कोळंबीचा भाव चढतो, ईस्ट बेंगाल जिंकले की हिलशाचा.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. मोहन बागानची स्थापना १८८९ ची. आयएफए शील्ड ही स्पर्धा १८९३ साली सुरू झाली आणि पहिली अनेक वर्षे ती गोऱ्या संघांनीच जिंकली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते ते एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. आपल्याकडे लोकमान्य तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते, आणि वंगभंग अजून रद्द व्हायचा होता. अशा वेळी गोऱ्या पलटणीला मैदानात हरवणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. आजही २९ जुलै हा मोहन बागान दिन म्हणून साजरा होतो.

ईस्ट बेंगाल क्लब १९२० च्या ऑगस्टमध्ये निघाला. पूर्व बंगालच्या एका खेळाडूला संघातून वगळल्याच्या रागातून त्याची सुरुवात झाली. पुढे १९४७ ची फाळणी झाली. घर, शेत, नदी, सगळे पलीकडे ठेवून लाखो माणसे कोलकात्यात आली, आणि त्यांना स्वतःच्या नावाचे म्हणावे असे जे थोडेफार उरले होते, त्यात हा क्लब होता. मेशोमशाय म्हणत, "आमच्या गावाचं नाव आता फक्त क्लबच्या नावात आहे." कोल्हापूरच्या पेठांची ईर्षा मला समजत होती, पण ही गोष्ट तिच्यापेक्षा फार खोल होती.

माझा पहिला मोठा सामना म्हणजे ३० सप्टेंबर १९७५ चा आयएफए शील्डचा अंतिम सामना. तो मी पाहिला नाही, ऐकला. कोलकात्याचे दूरदर्शन केंद्र त्याच ऑगस्टमध्ये सुरू झाले होते, पण आमच्या कॉलनीत कुणाकडे संच असणार? मेशोमशायांच्या अंगणात रेडिओ ठेवला होता आणि भोवती पंचवीस-तीस माणसे. मला बंगाली जेमतेम कळत होते. पण गोल हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच! ईस्ट बेंगालने त्या वर्षी ओळीने सहाव्यांदा लीग जिंकली होती. सुरजित सेनगुप्ताने सुरुवात केली, श्याम थापाने दोन मारले, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्याल यांनी एकेक. पाच-शून्य! थापाने एक पेनल्टी वाया घालवली, नाहीतर सहा झाले असते. अंगणात लोक नाचत होते. मेशोमशाय मात्र भिंतीला टेकून शांत बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्या रात्री मी आयुष्यात प्रथम हिलसा खाल्ला. काटे काढता येईनात, तेव्हा माशीमांनी ताटाशी बसून मला काढून दिले.

दादा मात्र दोन दिवस कचेरीत आले नाहीत. आले तेव्हा कुणी त्यांना काही विचारले नाही. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिल्याची बातमी शहरात पसरली होती. खेळात इतके जीव ओतावेत का, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. तो पुढेही पडायचा होता.

पुढच्या वर्षी दादांचे दिवस आले. १९७६ च्या लीग सामन्यात महंमद अकबरने अवघ्या सतराव्या सेकंदाला गोल केला आणि मोहन बागान त्याच एका गोलाने जिंकले. प्रेक्षक नीट बसलेही नव्हते. दादांनी कचेरीत सर्वांना संदेश वाटले, मला दोन दिले. "बर्ग्याला जास्त," म्हणाले.

१९७७ साली प्रत्यक्ष पेले कोलकात्यात आला. तो न्यूयॉर्क कॉसमॉस संघाबरोबर मोहन बागानविरुद्ध २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर खेळणार होता. आपल्या मंडळाचे गणपती तेव्हा बसलेले होते, आणि त्या संध्याकाळच्या आरतीची व्यवस्था माझ्याकडे होती! दादांनी कुठून तरी दोन तिकिटे आणली. मेशोमशायांनी "मोहन बागानचा पाहुणा" म्हणून येण्यास साफ नकार दिला, पण रेडिओ लावून बसले, हे माशीमांनी मला नंतर सांगितले. पाऊस झाला होता, मैदानात चिखल. पेले तेव्हा छत्तीस वर्षांचा, निवृत्तीला एकच आठवडा उरलेला. कार्लोस आल्बेर्तोने कॉसमॉसचा गोल केला आणि लगेच श्याम थापाने फेडला. हो, तोच थापा. आता तो मोहन बागानमध्ये गेला होता! मग हबीबने दुसरा मारला. भारतातला एक क्लब पेलेच्या संघाच्या पुढे होता. अखेर किनालियाने पेनल्टीवर बरोबरी केली आणि सामना २-२ सुटला. दादांनी मला मिठी मारली तेव्हा आम्ही दोघेही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलो होतो.

मी मंडपात पोहोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती. मंडळाच्या त्या वेळच्या ज्येष्ठांनी माझ्या कपड्यांकडे पाहिले आणि विचारले, "पेले दिसला का?" मी मान हलवली. "मग बाप्पा माफ करील. पण आधी पाय धू." त्या वर्षी मोहन बागानने शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. रोव्हर्स कप आपल्या मुंबईचा, १८९१ पासूनचा, कूपरेजवर होणारा. सुट्टीत मुंबईला गेलो की मी कूपरेजला चक्कर मारीत असे. तिथे मुंबईकर विचारत, "तुम्ही कुठले?" मी म्हणे, "कलकत्त्याचा." आणि इथे विचारले की म्हणे, "कोल्हापूरचा." हा घोळ आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही.

आता ज्या सामन्याविषयी मी आरतीनंतरच्या चहाच्या वेळी कधी बोललो नाही, त्याबद्दल लिहितो.

१६ ऑगस्ट १९८०, शनिवार. लीगचा सामना, ईडन गार्डन्स. त्याच वर्षी मे महिन्यात याच मैदानावर फेडरेशन कपचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटून दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले होते, त्यामुळे हवा आधीच तापलेली. खोका तेव्हा सतरा वर्षांचा. दोन तिकिटे मी मिळवली होती. मेशोमशायांना ते पसंत नव्हते, पण मीच आग्रह केला. "मी आहे ना बरोबर," असे मी म्हणालो. निघताना माशीमांनी खोकाचा हात माझ्या हातात दिला होता, तो लहान असल्यासारखा, आणि खोका लाजला होता.

दोन्ही संघांचे चाहते स्टँडमध्ये मिसळून बसले होते. उत्तरार्धात बिदेश बसू आणि दिलीप पालित यांच्यात मैदानावर झटापट झाली. दोघांनाही लाल कार्ड मिळाले. तेवढ्याने स्टँडमध्ये ठिणगी पडली. वरून दगड-विटा येऊ लागल्या, लोक जिन्याकडे धावले, आणि अरुंद जिन्यावर माणसांवर माणसे पडली. मी खोकाचा हात धरला होता. तो कधी सुटला, ते मला कळले नाही. एवढेच आठवते, की माझे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि गर्दी मला वाहून नेत होती.

बाहेर आल्यावर मी त्याला हाका मारीत ईडनला दोन फेऱ्या घातल्या. रस्त्यावर चपलांचा खच पडला होता. काळोख पडल्यावर मी रुग्णालयात गेलो. तिथे माझ्यासारखी शेकडो माणसे होती. कुणीतरी नावे वाचून दाखवत होते, आणि प्रत्येक नावाच्या आधी जो क्षण जाई, तसा क्षण पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्या दिवशी सोळा प्रेक्षक मरण पावले. त्यांत खोकाचे नाव नव्हते.

रात्री अकराच्या सुमारास मी जादवपूरला परतलो. काय सांगायचे, कसे सांगायचे, ते वाटेत ठरत नव्हते. मेशोमशाय पायरीवर बसले होते. त्यांच्या मागे दारात खोका उभा होता, एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. तो ईडनपासून चालत आला होता आणि दीड तासापूर्वीच पोहोचला होता. मी तिथेच खाली बसलो. मेशोमशाय माझ्यावर ओरडतील, खोली रिकामी कर म्हणतील, असे वाटले होते, आणि ते मला हवेही होते. ते फक्त म्हणाले, "खेयेछो?" जेवलास का? मग माशीमांनी तिघांना एकत्र वाढले. मला घास गिळवत नव्हता.

मेशोमशायांनी पुन्हा फुटबॉलच्या मैदानात पाऊल टाकले नाही. वर्षभर त्या घरात सामन्याच्या दिवशी रेडिओ लागला नाही. मला त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही, पण मीही पुढे कितीतरी वर्षे मोठ्या सामन्याला गेलो नाही. लग्न झाले, मुलगी झाली, आम्ही गरियाला स्वतःच्या घरात राहायला गेलो. १९८४ साली सॉल्ट लेकचे प्रचंड स्टेडियम सुरू झाले, तेही मी बाहेरूनच पाहिले. १६ ऑगस्टला कोलकात्यात त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. वयाच्या मर्यादेपर्यंत मी ते चुकवले नाही. खोकाही येत असे. आम्ही शेजारी-शेजारी आडवे पडून इकडचे तिकडचे बोलत असू, त्या दिवसाविषयी मात्र नाही.

१९९७ चा जुलै. फेडरेशन कपच्या उपांत्य फेरीत दोघे समोरासमोर आले. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, ईस्ट बेंगालचे पी. के. बॅनर्जी. अमलबाबूंनी 'डायमंड' नावाची आक्रमक रचना आणली होती आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंची खिल्ली उडवून सगळे शहर पेटवले होते. ट्राममध्ये, माशांच्या बाजारात, दुसरा विषय नव्हता. एका संध्याकाळी मेशोमशायांचा निरोप आला. वय झाले होते, बिछान्यावरच असत. उशाखालून त्यांनी दोन तिकिटे काढली, खोकाने आणलेली, पण द्यायची मात्र त्यांच्या हातून. म्हणाले, "दोघं जा. सतरा वर्षं झाली. आता पुरे."

१३ जुलै १९९७, रविवार. सॉल्ट लेकला एक लाख एकतीस हजार माणसे होती. भारतात एखाद्या खेळाच्या सामन्याला इतकी गर्दी क्वचितच झाली असेल. मी आत शिरताच आधी बाहेर पडायचा जिना पाहून ठेवला. ती सवय आजही आहे. नजीमुल हकने ईस्ट बेंगालचा पहिला गोल केला, चिमा ओकोरीने मोहन बागानचा एक परत केला, आणि मग सिक्कीमच्या तरुण बायचुंग भुतियाने हॅट्ट्रिक करून सामना ४-१ केला. खोका चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, लहान मुलासारखा उड्या मारत होता. बाहेर पडताना त्याने आपणहून माझा हात धरला. रस्त्यावर येईपर्यंत त्याने तो सोडला नाही.

घरी गेलो तर मेशोमशाय जागे होते. सामना टीव्हीवर पाहिलेला, तेव्हा निकाल ठाऊकच होता. पण त्यांनी विचारले ते वेगळेच. "सगळे घरी पोहोचले ना? काही झालं नाही ना?" मी म्हटले, काही झाले नाही, मेशोमशाय. सगळे घरी गेले. तेव्हा ते म्हणाले, "मग आता सांग, बायचुंगचा तिसरा कसा झाला?" पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

गंमत अशी, की त्या स्पर्धेचा अंतिम सामना ईस्ट बेंगाल गोव्याच्या साळगावकर संघाकडून २-१ असे हरले. कोलकात्यात तो कुणाला आठवत नाही. पण गोव्याच्या माणसाला विचारा! आणि पुढचा काळ गोव्याचाच होता. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनी राष्ट्रीय विजेतेपद आलटून पालटून नेले. मधेच २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने नॅशनल लीग जिंकली, तेव्हा मी मंडळात पेढे वाटले. आमचा रोव्हर्स कप तोपर्यंत, २०००-०१ नंतर, बंद पडला होता. २०१० मध्ये महिंद्रचा संघही बंद झाला. धेंपो आणि साळगावकर २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. संघ बुडतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या चाहत्यांच्या रविवारच्या संध्याकाळी जातात, त्याची नोंद कुठे होत नाही.

ईस्ट बेंगालने २६ जुलै २००३ रोजी जकार्तात थायलंडच्या बीईसी तेरो ससाना संघाला ३-१ हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. त्यात एक गोल गोव्याच्या अल्विटो डिकुन्हाचा होता. दादा तेव्हा निवृत्त झाले होते, तरी त्यांनी फोन करून अभिनंदन केले. "परदेशात जिंकलात, म्हणून," असे मुद्दाम स्पष्ट केले. २५ ऑक्टोबर २००९ ला मात्र परत फोन आला. चिडी एडेने एकट्याने चार गोल केले होते आणि मोहन बागान ५-३ ने जिंकले होते. "पंच्याहत्तरचे पाच फिटले!" मी म्हटले, "दादा, आम्ही तीन मारले. तुम्ही तेव्हा किती मारले होते?" फोन आपटल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला आणि आम्ही दोघेही हसत होतो. ३१ मे २०१५ रोजी बेंगळुरूत शेवटच्या मिनिटांत बेलो रझाकने डोक्याने गोल करून मोहन बागानला तेरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, ते मी दादांच्या खाटेशेजारी बसून पाहिले. त्यांना नीट ऐकू येत नव्हते. मी त्यांच्या कानात ओरडलो, "चॅम्पियन!" असे मोहन बागानसाठी ओरडण्याची माझी ती पहिलीच वेळ.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. २८ ऑक्टोबरला सॉल्ट लेकवरच्या अंतिम सामन्यात स्पेन २-० ने पुढे होते, तरी इंग्लंडने ५-२ ने विजय मिळवला. सहासष्ट हजारांवर प्रेक्षक होते. पण माझ्या मनात दुसरेच समाधान होते. भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता! पुढे तो ईस्ट बेंगालच्या लाल-पिवळ्या जर्सीतही खेळला. ती जर्सी घातलेला कोल्हापूरचा पोरगा पाहून मेशोमशाय नक्की म्हणाले असते, "आता बर्गी खरोखर आले!"

माझी मुलगी एका घोटी घरात पडली आहे, त्यामुळे नातू जन्मतःच हिरवा-मरून. ४ मे २०२४ ला त्याला घेऊन मी इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्याला गेलो. मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. एप्रिलमध्ये याच मुंबईला २-१ हरवून मोहन बागानने लीग शील्ड जिंकली होती, म्हणून साऱ्या शहराने दुसरा विजय गृहीत धरला होता. कमिंग्सने पहिला गोल केला तेव्हा नातू माझ्या खांद्यावर चढायला पाहत होता. मग मुंबईने तीन मारले. ३-१. मी मराठी माणूस, वर ईस्ट बेंगालचा. आनंद व्हायला मला दोन कारणे होती. पण शेजारी दहा वर्षांचा पोरगा जर्सीच्या बाहीने डोळे पुसत होता, आणि मला मुंबई आठवेना, ईस्ट बेंगाल आठवेना. मी त्याचा हात धरून जिना उतरलो. घरी आल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघाले, "खेयेछो?" आणि मला मेशोमशाय आठवले.

त्याच वर्षीचा १८ ऑगस्ट. ड्युरँड कपमध्ये दोन्ही संघांचा सामना व्हायचा होता. शहरात एका तरुण महिला डॉक्टरवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने सारे कोलकाता हादरले होते. बंदोबस्ताच्या कारणाने सामना रद्द झाला. तरीही संध्याकाळी सॉल्ट लेकच्या बाहेर लोक जमले. लाल-पिवळे, हिरवे-मरून, आणि मोहमेडनचे काळे-पांढरे, एकाच रस्त्यावर, न्यायाची एकच घोषणा देत. पोलिसांनी लाठ्याही चालवल्या. खोका तिथे गेला होता. माझी मुलगीही गेली होती. मी घरी फोनजवळ बसलो होतो, मेशोमशाय पायरीवर बसत तसा.

रात्री दोघांचा एकत्र फोटो आला. लाल-पिवळा मफलर गळ्यात घातलेला खोका, शेजारी हिरवी-मरून जर्सी घातलेली माझी लेक. खाली खोकाने लिहिले होते, "दादा, सगळे घरी पोहोचलो."

१९८० साली त्याच दोन रंगांच्या लोकांनी एकमेकांवर दगड फेकले होते. त्यातली काही माणसे या रस्त्यावरही उभी असतील. चव्वेचाळीस वर्षांत फुटबॉल त्यांच्याकडून काय काय शिकला आणि त्यांना काय काय शिकवून गेला, ते मोजायला माझ्याकडे तक्ता नाही. पण त्या रात्री मी अनेक वर्षांनी शांत झोपलो.

नातवाने परवा मला विचारले, "आजोबा, तुम्ही खरे कुठले? घोटी, बाङाल की बर्गी?" मी त्याला म्हटले, कोल्हापूरने मला खेळ दिला आणि एका बारिसालच्या घराने मला जेवायला वाढले, आता तूच ठरव. त्याने थोडा विचार केला आणि सांगितले, "मग पुढच्या डर्बीला तुम्ही माझ्याबरोबर बसायचं, पण तुमचा मफलर घालायचा." ठरले आहे. तिकिटे तो काढणार, जिना मी पाहून ठेवणार.